घरात चोर शिरला तर कुठपर्यंत मारायचं? मुलुंडच्या एका गृहस्थांना सविस्तर उत्तर

मुलुंड पूर्वेला जुन्या तीन मजली सोसायटीत पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: महिन्याभरात आवारात दोन घरफोड्या झाल्या. एक कोयंडा उचकटून, दुसरी मागच्या पाइपावरून चढून बाथरूमच्या खिडकीच्या काचा सरकवून. घरी सत्तरीची आई आणि शाळकरी मुलगी. ते पलंगाशेजारी बॅट ठेवून झोपतात. मेहुणे म्हणतात, रात्री घरात शिरला की कायदा आपल्याच बाजूने, मेला तरी काही होत नाही. सेक्रेटरी म्हणतात, अंगाला हातही लावू नका, उलटी केस आपल्यावरच पडते. आणि कमिटीतल्या एकांनी मागच्या भिंतीवर तार ओढून रात्री तिच्यात करंट सोडायचा विषय काढला आहे. मग खरं काय, आणि आपण नेमकं कुठपर्यंत जायचं?

मी मुंबईत फौजदारी वकिली करतो, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने. त्या आरोपींत अधूनमधून असेही असतात की ज्यांच्या घरात चोर शिरला होता आणि आता पिंजऱ्यात तेच उभे आहेत. त्या अनुभवावरून सांगतो: मेहुण्यांचं निम्मं बरोबर आहे, सेक्रेटरींचं फार तर पाव, आणि करंटवाल्यांचं काहीच नाही.

आधी कायदा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. स्वसंरक्षणाची जुनी कलमं ९६ ते १०६ होती, ती आता ३४ ते ४४ झाली. आकडे फिरले, गाभा तोच राहिला. त्यामुळे जुने निकाल आजही कामाला येतात. स्वतःच्या शरीराचं, दुसऱ्या कोणाच्याही शरीराचं आणि आपल्या किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं रक्षण करायचा हक्क कलम ३५ देतं. म्हणजे तुमच्या आईवर कोणी धावून गेला तर तिच्या वतीने तुम्ही हात उचलू शकता, आणि समोरच्या फ्लॅटमध्ये चोर शिरलेला दिसला तर शेजाऱ्यासाठीही.

मेहुण्यांचं निम्मं बरोबर का, तर कलम ४१ मुळे. मालमत्तेच्या रक्षणासाठी समोरच्याचा जीव जाण्यापर्यंत हक्क कुठल्या प्रसंगी पोचतो, ते या कलमात दिलं आहे. जबरी चोरी; सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीची घरफोडी; राहत्या घराला किंवा माल ठेवायच्या जागेला आग लावणं किंवा ती स्फोटकाने उडवणं; आणि चोरी, आगळीक (म्हणजे मालमत्तेचं मुद्दाम नुकसान) किंवा गृह-अतिक्रमण अशा परिस्थितीत होणं की हक्क वापरला नाही तर मृत्यू किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती वाटावी. यातल्या दुसऱ्या प्रसंगाकडे नीट बघा. रात्रीच्या घरफोडीत चोराच्या हातात सुरा असला पाहिजे अशी अट नाही. अंधारात कोणी कडी तोडून आत येतो, घरातल्यांना ना त्याचा हेतू ठाऊक असतो ना त्याच्याबरोबर किती जण आहेत ते. कायद्याने ही अवस्था ओळखली आहे.

पण ‘घरफोडी’ म्हणजे काय हेही कायद्यानेच ठरवलंय, आणि तिथे बरेच जण फसतात. स्वतः पाडलेल्या वाटेने, माणसाच्या ये-जा करण्यासाठी नसलेल्या वाटेने, भिंत किंवा इमारत चढून, कुलूप उघडून, बंद केलेली वाट उघडून किंवा आत येताना-जाताना धक्काबुक्की करून शिरला तर घरफोडी. तुमच्या आवारातल्या दोन्ही घटना यात बसतात: कोयंडा तोडलेली तर बसतेच, पाइपावरून खिडकीत आलेलीही बसते. आधीच आत लपून बसलेला चोर निघताना कुलूप तोडून बाहेर पडला तर तीही घरफोडी. पण उकडतंय म्हणून दार सताड उघडं ठेवलं आणि कोणी चालत येऊन टेबलावरचा मोबाइल उचलला, तर तो गृह-अतिक्रमण करून चोरी करतोय, घरफोडी नव्हे. तिथे कलम ४२ लागतं: अडवा, धरा, झटापट करा, लागलंच तर दुखापतही माफ, पण जीव घेण्यापर्यंतची मुभा नाही.

वेळेचंही असंच. कायद्याची रात्र झोपेच्या वेळी सुरू होत नाही, सूर्यास्ताला होते. डिसेंबरात मुंबईत सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या आसपास. त्यामुळे संध्याकाळी पावणेसातला झालेली घरफोडी हिवाळ्यात रात्रीची आणि उन्हाळ्यात दिवसाची. पोलीस ठाण्यातही ‘एचबीटी डे’ आणि ‘एचबीटी नाइट’ (एचबीटी म्हणजे हाउस ब्रेकिंग थेफ्ट, घरफोडी) अशी वेगळी नोंद होते. तुम्ही जेव्हा एफआयआर द्याल तेव्हा ‘संध्याकाळी’ असं मोघम न सांगता घड्याळातली वेळ सांगा. फोन केव्हा लावला तेही सांगा, कारण ते कॉल रेकॉर्डमध्ये उतरलेलं असतं.

हे झालं मालमत्तेचं. शरीराच्या रक्षणाचा हक्क वेगळा चालतो आणि त्याला दिवस-रात्र काही नाही. दुपारी तीनला आई एकट्या असताना शिरलेला माणूस त्यांच्यावर पेचकस उगारतो, तर प्रश्न मोबाइलचा उरतच नाही. कलम ३८ प्रमाणे मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती, बलात्काराच्या इराद्याने हल्ला, पळवून नेण्याचा हल्ला, ॲसिड हल्ला, मदत मागता येणार नाही असं कोंडून घालणं, अशा प्रसंगी हक्क जीव घेण्यापर्यंत जातो. वार अंगावर बसेपर्यंत थांबायची गरज नाही, रास्त भीती पुरेशी. आणि पळून जायला हवं होतं, असंही कोर्ट म्हणत नाही. २०१० मध्ये दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या हक्काची तत्त्वं एकत्र मांडली. हल्ल्यात सापडलेल्या माणसाने प्रत्येक फटका गणिती अचूकतेने मोजून द्यावा अशी अपेक्षा ठेवता येत नाही, हे त्यातलं एक. बळ धोक्याच्या मानाने अगदीच अवाजवी नसावं, हे दुसरं. ही दोन्ही वाक्यं एकत्रच वाचायची असतात. घरमालक पहिलं पाठ करून येतो, सरकारी वकील दुसरं.

मेहुण्यांचं उरलेलं निम्मं चुकतं ते कलम ३७ पाशी. त्यात दोन ब्रेक आहेत. पोलिसांकडे जायला वेळ होता तर हक्क नाही. आणि बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायचा हक्क कधीच नाही. हे दोन्ही ब्रेक कलम ४१ लाही लागतात. रात्रीची घरफोडी आहे म्हणून समोर दिसेल त्याला ठार मारायचा परवाना मिळतो, असं नव्हे. घरात शिरलेला अकरा-बारा वर्षांचा, हाडकुळा पोरगा आहे, टॉर्चच्या उजेडात स्पष्ट दिसतोय, दोघांनी धरला तर सुटणार नाही. तिथे डोक्यात बॅट घालणारा माणूस कलम ४१ च्या आडोशाला उभा राहू शकत नाही.

आता ज्याच्यामुळे केसेस उभ्या राहतात त्या भागाकडे येतो. पहिला फटका का मारला याची चौकशी फारशी कोणी करत नाही. चोर शिरला, अंधार होता, घाबरलो, मारलं. पोलीसही माणसं आहेत, त्यांनाही घर आहे. अडकतो तो शेवटच्या फटक्यात.

पश्चिम उपनगरातलं एक प्रकरण सांगतो, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून. पहाटे चोर स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत आला. घरमालकाने पडद्याचा लोखंडी रॉड उचलला. चोराच्या मेडिकल सर्टिफिकेटवर चार जखमा: दोन डाव्या हाताच्या मनगट ते कोपर या भागात, एक गळपट्टीच्या हाडावर, एक कानामागे. पंचनाम्यात ओट्याजवळच्या फरशीवर रक्ताचे थेंब, दाराच्या चौकटीला पुसट डाग, आणि मग थेट जिन्याच्या मधल्या टप्प्यावर साचलेलं रक्त. हातावरच्या जखमा वार अडवताना झालेल्या, म्हणजे झटापट समोरासमोरची. कानामागची सोडून बाकीच्या तीन जखमांबद्दल सरकार पक्षाने एक अक्षर काढलं नाही. सगळा खटला कानामागच्या जखमेभोवती फिरला: चोर घराबाहेर पडून जिना उतरत होता, मग रॉड तिथपर्यंत का गेला?

कायद्याचं उत्तर कलम ४३ मध्ये आहे. रात्रीच्या घरफोडीविरुद्धचा हक्क चोर घरात आहे तोवर. तो बाहेर पडला की ती जास्तीची मुभा तिथेच संपते. माल घेऊन पळत असेल तर चोरीविरुद्धचा हक्क पुढे चालतो, तो निसटेपर्यंत किंवा माल परत मिळेपर्यंत किंवा पोलिसांची मदत येईपर्यंत. म्हणजे पाठलाग करा, पिशवी हिसकावा, पाय अडकवून पाडा, चारजण मिळून दाबून धरा, हे सगळं बसतं. पाठमोऱ्या माणसाच्या डोक्यात लोखंड घालणं बसत नाही. आमच्या त्या घरमालकाला वाचवलं ते समोरच्या फ्लॅटमधल्या आजींनी, त्याही सरकार पक्षाच्याच साक्षीदार. उलटतपासात त्यांनी सांगितलं की चोर जिन्यात मागे वळला होता आणि त्याच्या हातात पेचकस होता. पोलिसांनी पेचकस जप्त केला होताच, पण कुठे सापडला ते पंचनाम्यात धड लिहिलं नव्हतं. चोर मागे वळला असेल, तर प्रश्न परत शरीराच्या रक्षणाचा होतो आणि तो हक्क जिन्यातही असतो, रस्त्यातही असतो. संशयाचा फायदा मिळाला. पण मधली वर्षं जामीन, तारखा, पासपोर्टची अडचण यात गेली.

इंग्लंडमधलं टोनी मार्टिनचं प्रकरण याच कारणाने गाजलं. १९९९ मध्ये नॉरफोकमधल्या आपल्या एकाकी फार्महाऊसवर शिरलेल्यांवर त्याने शॉटगन चालवली, सोळा वर्षांचा मुलगा पाठीत गोळी लागून मेला. आधी खुनाची शिक्षा झाली, २००१ मध्ये अपिलात ती सदोष मनुष्यवधावर आली. तिथला कायदा नंतर घरमालकाच्या बाजूने थोडा सैल झाला. अमेरिकेतल्या काही राज्यांत तर आपल्या घरात शिरलेल्यावर गोळी झाडायला पुष्कळच मोकळीक आहे, आणि आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारे मेसेज बहुधा तिथलेच असतात. ते वाचून मुलुंडमध्ये वागू नका.

मर्यादा ओलांडली तर काय होतं, याचेही दोन प्रकार आहेत आणि फरक मोठा आहे. हक्क चालू होता, पण भीतीच्या भरात, पूर्वतयारी नसताना, जास्त मारलं गेलं आणि माणूस मेला, तर कलम १०१ च्या दुसऱ्या अपवादाने खुनाचा आरोप सदोष मनुष्यवधावर येतो, शिक्षा कलम १०५ खाली. पण हक्क संपल्यानंतर मारलं, तर हा अपवादही मिळत नाही. तिथे सरळ खून.

आणि हक्क संपल्यानंतरची मुंबईतली ठरलेली जागा म्हणजे सोसायटीचं पार्किंग. चोर सापडतो, वॉचमन आणि दोन पोरं त्याला खांबाला बांधतात, वरून माणसं बनियन-लुंगीवर उतरतात आणि प्रश्न सुरू होतात: कोणाबरोबर आलास? मागच्या आठवड्यातले दागिने कुठेत? प्रत्येक प्रश्नाबरोबर एक चपराक. हे करणाऱ्यांना वाटतं आपण पोलिसांचं काम सोपं करतोय. कबुलीसाठी किंवा माल परत मिळवण्यासाठी दुखापत करणं हा कलम १२० खाली वेगळा गुन्हा आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. जबर दुखापत असेल तर दहापर्यंत. ते कलम फक्त पोलिसांसाठी आहे असा समज पसरलाय. ‘जो कोणी’ असं लिहिलंय त्यात, आणि त्यात तुमची कमिटीही आली. वर कोणीतरी व्हिडिओ काढत असतो. सोसायटीच्या ग्रुपवर अंगठे मिळवणारा तो व्हिडिओ पुढे आरोपपत्राला जोडलेला मी पाहिलाय. चित्रात तिघं दिसत होते आणि मागून चौथ्याचा आवाज येत होता, ‘अजून एक ठेवून दे’. चौथाही आरोपी झाला, कारण समान इरादा असेल तर कोणाचा हात पडला याला महत्त्व उरत नाही.

बांधलेला माणूस मेला तर सगळ्यांवरच खुनाचा गुन्हा. आणि ‘हा इथला दिसत नाही’, ‘याची भाषा बघा’ म्हणून पाच किंवा जास्त जणांनी मिळून मारला असेल, तर न्याय संहितेच्या कलम १०३(२) कडे बोट जातं: वंश, जात, समाज, लिंग, जन्मस्थान, भाषा, श्रद्धा असल्या कारणांवरून जमावाने केलेला खून, शिक्षा फाशी किंवा जन्मठेप, वर दंड. हे उपकलम जुन्या कायद्यात नव्हतं. अनोळखी फेरीवाला, चुकीच्या विंगमध्ये शिरलेला डिलिव्हरीवाला, रात्री दारू पिऊन मजला चुकलेला भाडेकरू, हे सगळे या शहरात रोज भेटतात. ‘चोर चोर’ ही हाक ऐकून धावणाऱ्याला यातलं काही माहीत नसतं.

मग पकडलेल्या चोराचं काय करायचं? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, कलम ४० सामान्य माणसालाही अटकेचा अधिकार देतं, गुन्हा तुमच्यासमोर झाला असेल आणि तो दखलपात्र व अजामीनपात्र असेल तर. रात्रीची घरफोडी, घरातली चोरी, दोन्ही त्यात येतात. मात्र विनाकारण उशीर न लावता, आणि कुठल्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. ही सहा तासांची मुदत नव्या कायद्यातली आहे. मुंबईत पोलीस यायला सहा तास लागत नाहीत, पण ‘सकाळी सेक्रेटरी उठले की बघू’ म्हणून मीटररूममध्ये कोंडून ठेवलेली माणसं मी ऐकून आहे. ११२ ला फोन करा. जखमी असेल तर १०८ लाही करा. जखमीला पाणी दिलं, रुग्णवाहिका बोलावली, हे पुढे तुमच्या बाजूने बोलतं, कारण त्यातून तुमचा हेतू दिसतो.

सेक्रेटरींचं पाव बरोबर म्हटलं ते एवढ्याचसाठी: उलटी केस पडू शकते. चोर जबर जखमी झाला किंवा मेला तर पोलीस तुमच्यावर गुन्हा नोंदवतील, अटकही करतील, आणि ‘स्वसंरक्षण होतं’ हे ठाण्यात ठरणार नाही, कोर्टात ठरेल. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या नव्या कायद्याच्या, कलम १०८ प्रमाणे अपवाद सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर. मात्र सरकार पक्षासारखी संशयातीत नव्हे. असं घडलं असणं जास्त संभवनीय आहे, एवढं दाखवलं की पुरे. तेही स्वतःच्या साक्षीनेच दाखवायला हवं असं नाही. १९६७ मध्ये मुन्शी राम विरुद्ध दिल्ली प्रशासन या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आरोपीने स्वसंरक्षणाचा मुद्दा घेतला नसला, तरी पुराव्यातून तो दिसत असेल तर कोर्टाने विचारात घ्यावा. वर सांगितलेल्या आजींच्या उलटतपासाचं बळ ते हेच.

म्हणून घटनेनंतरच्या पहिल्या तासाला फार महत्त्व आहे. फरशी पुसू नका. बायका घाबरून पुसतात, शेजारणी मदतीला येऊन पुसतात. थेंब गेले की झटापट घरात झाली याचा पुरावा गेला. तुटलेला कोयंडा, काचा, चोराची कटावणी, सगळं जिथे आहे तिथे राहू द्या आणि पंचनाम्यात कुठली वस्तू कुठे पडली होती ते लिहून घ्यायला लावा. तुम्हाला लागलं असेल, साधं खरचटलं असलं तरी, सरकारी रुग्णालयात दाखवून नोंद करून घ्या. कपडे धुऊ नका. सोसायटीच्या कॅमेऱ्याचं फुटेज काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. त्याच दिवशी सेक्रेटरींना लेखी पत्र देऊन ते जपायला सांगा, आणि प्रत काढताना साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडायला विसरू नका, नाहीतर कोर्टात त्यावरच वाद रंगतो.

पोलिसांना खरं सांगा, क्रमाने सांगा आणि फुशारकी मारू नका. ‘सोडला नाही साल्याला’ हे वाक्य घरात टाळ्या मिळवतं, स्टेशन डायरीत मात्र वेगळं वाचलं जातं. पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही हे खरं, पण शेजाऱ्यांपुढे आणि ग्रुपवर केलेल्या बढाईला ते संरक्षण नाही. घाबरलो होतो हे सांगायला लाजू नका. या हक्काचा पायाच ती भीती आहे, आणि धीट दिसण्याच्या नादात अशील तोच पाया काढून टाकतात. वकील येईपर्यंत लांबलचक जबाबावर सही करायची घाई नको.

जानेवारी २०२५ मध्ये वांद्र्याला अभिनेते सैफ अली खान यांच्या घरात पहाटे घुसखोर शिरला आणि त्यांच्यावर चाकूचे वार झाले. त्यानंतर माझ्याकडे घरात हत्यार ठेवण्याबद्दल विचारणाऱ्यांची रीघ लागली. त्याबद्दल थोडक्यात. बॅट, काठी, घरातलाच पाना, यांना हरकत नाही. दारामागे तलवार, गुप्ती किंवा नऊ इंचांहून लांब पात्याचा सुरा ठेवलात, तर चोर येण्याआधीच शस्त्र कायद्याचा प्रश्न तुमच्या दारात येतो. स्वयंपाकाच्या सुऱ्या त्यातून वगळल्या आहेत. मिरचीचा फवारा सहज मिळतो, पण तोही धोका नसताना मारू नये. २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने अशा एका प्रकरणात फवारा मारणाऱ्याविरुद्धचा गुन्हा रद्द करायला नकार दिला. रिव्हॉल्वरचा परवाना मुंबईत पोलीस आयुक्तालय देतं, आणि जिवाला धोका आहे हे पटवून द्यावं लागतं. माझं मत विचाराल तर साडेचारशे फुटांच्या घरात, पलीकडे मुलगी झोपलेली असताना, अंधारात गोळी झाडायची कल्पनाच मला नको वाटते.

आणखी एक कोपरा राहतो: दार वाजवणारा पोलीस असला तर? सद्‌भावनेने काम करणाऱ्या लोकसेवकाविरुद्ध, जिवाची किंवा जबर इजेची रास्त भीती नसेल, तर स्वसंरक्षणाचा हक्क नाही, कारवाईत कायद्याची थोडी चूक असली तरी. पण तो लोकसेवक आहे हे तुम्हाला माहीत नसेल आणि तसं मानायला कारणही नसेल, तर हक्क जात नाही. तोतया पोलिसांच्या या शहरात मी एवढंच सांगतो: साखळी लावलेलीच ठेवा, ओळखपत्र फटीतून बघा, ११२ वर विचारा. माणूस ओळखण्यात खरोखर चूक झाली आणि ती योग्य खबरदारी घेऊन झालेली असेल, तर न्याय संहितेच्या कलम १७ मध्ये संरक्षण आहे. खबरदारी म्हणजे निदान दिवा लावणं, ‘कोण आहे’ म्हणून ओरडणं. ओरडण्याचा दुसरा फायदा असा की बहुतेक घरफोडे तेवढ्यानेच पळतात. त्यांना रिकामं घर हवं असतं, भांडण नको असतं. तुम्हाला आवाज आला की आधी आई आणि मुलीला एका खोलीत घेऊन दाराची कडी लावा, आरडाओरडा करा, फोन करा, आणि बॅट हातात घेऊन त्या दाराशी उभे राहा. त्याने ते दार फोडायला घेतलं तर पुढे तुम्ही जे कराल त्याचा बचाव करायला मला फारसं अवघड जाणार नाही.

शेवटी करंट. बिहारमध्ये चेरुबिन ग्रेगरी नावाच्या माणसाच्या शेजारणीच्या संडासाची भिंत पडली, म्हणून ती त्याच्या संडासात यायला लागली. त्याला ते खपेना. त्याने संडासाकडे जाणाऱ्या वाटेवर उघडी तांब्याची तार लावून तिच्यात वीज सोडली. १६ जुलै १९५९ च्या सकाळी ती बाई आत गेली तेव्हा सुटली, बाहेर येताना हात लागला आणि गेली. जागा माझी, ती अतिक्रमण करत होती, हा बचाव सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. अतिक्रमण करणारा झाला म्हणून त्याच्यासाठी जीवघेणा सापळा लावून ठेवायचा हक्क मालकाला मिळत नाही, असं न्यायालयाने सांगितलं, आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याची शिक्षा कायम राहिली.

कारण उघड आहे. स्वसंरक्षणात माणूस समोरचा धोका बघून ठरवतो. तार काही बघत नाही. तिला चोर आणि चेंडू काढायला चढलेलं पोर यातला फरक कळत नाही, मांजर कळत नाही, पावसाळ्यात ओली भिंत तर आणखी लांबपर्यंत शॉक देते. आज असा मृत्यू झाला तर किमान न्याय संहितेचं कलम १०६, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू घडवणं, आणि मरेल हे माहीत असून लावली असं दिसलं तर सदोष मनुष्यवधाचा आरोप. आरोपी म्हणून ठरावाला हात वर करणारे सगळे. परवानाधारक कंत्राटदाराने बसवलेलं, झटका देणारं पण जीव न घेणारं, ठळक पाट्या लावलेलं तयार कुंपण वेगळं. घरच्या मीटरमधून ओढलेली तार म्हणजे ते नव्हे. त्याच पैशात मागच्या पाइपांना काटेरी पट्टे, बाथरूमच्या खिडक्यांना ग्रिल आणि मागच्या गल्लीत दोन दिवे लागतील. आणि तुमच्यापुरतं म्हणाल, तर सभेच्या आधी सेक्रेटरींना तारीख घातलेलं पत्र द्या की या ठरावाला तुमचा विरोध आहे, तसं इतिवृत्तात नोंदवा. पोच म्हणून सही-शिक्का घ्या आणि ती प्रत घराच्या कागदपत्रांत ठेवा.